करंट कमी आहे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी शालिकराम मिस्त्री हे नाव सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हे माझे कोणी सुभेदार साहेब असतील, नाहीतर शाळेतले गुरुजी. तसं नाही. वर्धा जिल्ह्यात देवळीला बसस्टँडच्या मागे त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. ते सातवीपर्यंत शिकले. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. बी.ए. झालो, तेही फौजेत असताना, बाहेरून परीक्षा देऊन. पण वीज म्हणजे काय हे मला शिकवलं ते या सातवी पास माणसाने. त्यांच्या शिकवण्यामुळे एका दुपारी अकरा माणसं वाचली. बारावा वाचला नाही. त्याचं नाव लान्स नायक दिलबाग.

मी सिग्नल तुकडीत होतो. आमचं काम रेडिओ सेट, बॅटऱ्या, जनरेटर आणि तारा. ट्रेनिंगमध्ये ओहमचा नियम शिकवला, तेव्हा मला तो आधीच पाठ होता. शाळेत मराठीतून घोकला होता: रोध म्हणजे विभवांतर भागिले विद्युतधारा. ट्रेनिंगमध्ये तोच इंग्रजीतून घोकला आणि परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेतले. दोन भाषांमध्ये मला तो येत होता, आणि एकाही भाषेत समजलेला नव्हता. हे कळायला नोकरीची सहा वर्षं गेली.

सहाव्या वर्षी वार्षिक रजेवर घरी आलो. आमचं गाव देवळीपासून आठ किलोमीटर. चार एकर शेत. बाबा वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि देवळीच्या बाजारात नेऊन विकायचे. त्या वेळी विहिरीवरची दीड हॉर्सपॉवरची मोटर नुसती घुं घुं करत होती, पाणी फेकत नव्हती. दोन महिन्यांत ती दोनदा जळली होती. बाबांचं एकच म्हणणं, "करंट कमी येऊन राह्यला."

आमच्या भागात विजेला हा एकच शब्द पुरतो. दिवा मंद झाला, करंट कमी. मोटर उचलत नाही, करंट कमी. वीज गेली, करंट गेला. तारेला हात लागून माणूस फेकला गेला, करंट लागला. मीही घरी आलो की तसंच बोलायचो. त्यात काही चूक आहे असं मला वाटलं नव्हतं.

मोटर तिसऱ्यांदा जळली तेव्हा ती मोटरसायकलवर बांधून मी देवळीला नेली. शालिकराम काका बनियनवर बसून तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होते. मोजणी पूर्ण होईपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

"काय झालं?"

"करंट कमी येऊन राह्यला, काका. मोटर पुन्हा जळली."

"तू तो पुंडलिक ना, फौजेतला? तिकडं काय काम करतं?"

"सिग्नलमध्ये आहो. विजेचंच काम."

"अन् करंट कमी म्हणतं?" काकांनी बाकावर बसलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "पाहा बाप्पा. हे आपल्या देशाचे रक्षक. अबे, करंट कमी असता तर मोटर जळली काऊन असती? थंड नसती राह्यली?"

गिऱ्हाइकं हसली. माझे कान गरम झाले.

"कमी हाय ते व्होल्टेज," काका म्हणाले. "व्होल्टेज कमी भेटलं का मोटर फिरत नाई. फिरत नाई म्हणून करंट जास्त वढते. जास्त वढते म्हणून जळते. आता मले सांग, पोलवरून निघालेलं व्होल्टेज मोटरपर्यंत आलं नाई. मधात कोनं खाल्लं?"

"कोनं?"

"मले काय विचारतं? मीटर लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटरची वाइंडिंग नव्याने भरून शेतावर आले. सोबत त्यांचा टाँगटेस्टर होता. चिमट्यासारखं तोंड असलेलं हे मीटर तारेभोवती नुसतं अडकवलं की किती अँपिअर करंट वाहतो ते दाखवतं. मोटर चालू केली. पोलजवळ दोनशे तीस व्होल्ट. विहिरीजवळ एकशे ऐंशी. टाँगटेस्टरवर दहा अँपिअर.

काकांनी खिशातून खडू काढला आणि विहिरीच्या कठड्यावर लिहायला सुरुवात केली.

"किती खाल्ले?"

"पन्नास."

"पन्नास भागिले दहा."

"पाच. पाच ओहम."

"जाऊन-येऊन तीनशे मीटर तार हाय. या जाडीची तार, एवढ्या लांबीले दोनच ओहम पाह्यजे. मंग बाकीचे तीन कुठं हाय?"

मी तारेकडे पाहिलं.

"तीन ओहम गुणिले दहा, तीस व्होल्ट. तीस व्होल्ट गुणिले दहा अँपिअर?"

"तीनशे वॅट."

"म्हंजे तुमच्या शेतात कुठंतरी तीनशे वॅटची शेगडी पेटून राह्यली. अन् बाप म्हणते करंट कमी. चाल, शेगडी पाहू."

आम्ही तारेच्या बाजूने चालत निघालो. अर्ध्या वाटेवर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गवतात, बाबांनी दोन वर्षांपूर्वी हाताने पिळलेला एक जोड होता. वरून प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर पोत्याचा तुकडा. पिशवी वितळून तारेला चिकटली होती. पोतं काळं पडलं होतं. भोवतालचं गवत वीतभर गोल जळालं होतं. आई रोज भाजीची टोपली डोक्यावर घेऊन, अनवाणी, त्याच धुऱ्यावरून चालायची.

मी उभा राहिलो. आम्ही विहिरीवर बसून एक आकडा काढला होता. जोड कोणी पाहिला नव्हता, तो आहे हेही कोणाला आठवत नव्हतं. आकड्याने सांगितलं, कुठेतरी तीन ओहम आहेत; आणि ते तीन ओहम इथे गवतात काळे होऊन पडले होते. सहा वर्षं जे सूत्र मी परीक्षेत लिहीत होतो, ते माझ्या आईच्या पायवाटेवर जळत होतं. मला त्या वेळी जे वाटलं ते नीट सांगता येत नाही. देवळात शिरल्यावर माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, तसा मी हळू बोलायला लागलो होतो.

"काऊन रे, घाबरला?" काकांनी विचारलं.

"नाही काका. हे असं असते, हे माहीत नव्हतं."

"असंच असते. वीज लबाडी करत नाई. आपल्याले विचारता आलं पाह्यजे."

उरलेली रजा मी त्यांच्या दुकानात काढली. रोज दोन-तीन मोटरी यायच्या. काका मला रीडिंग द्यायचे, मी रोध आणि वॅट काढायचो, ते खडूने तपासायचे. भिंतभर आकडे असायचे. निघायच्या दिवशी त्यांनी जुना टाँगटेस्टर माझ्या हातात दिला.

"मले नवा घेतला हाय. हा तुले. जिथं कमी दिसन तिथं थांबजो अन् विचारजो, कोनं खाल्लं. अन् ते परीक्षा देऊन राह्यला ना, ते सोडू नको. कागद पन लागते."

त्यानंतर चार वर्षांनी, पावसाळ्यात, आमची तुकडी विदर्भातच होती. सकाळी ०६०० वाजता ऑर्डर आली: पुरात अडकलेल्या गावांसाठी एक कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, निघणार. आमच्या कॅप्टन साहेबांनी फॉल-इनमध्ये, सगळे रांगेत असताना, विचारलं, "वर्धा का कौन है?" मी हात वर केला. तोपर्यंत मी नायक झालो होतो.

"भाषा समझते हो वहाँ की?"

"घर है, सर."

"बढ़िया. रेडिओ भी तुम, दुभाषिया भी तुम."

यशोदा नदीच्या काठचं गाव. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना कळेल. अर्धं गाव पाण्यात होतं. शाळा उंचावर असल्यामुळे लोक तिथे जमले होते. मी शाळेच्या व्हरांड्यात रेडिओ सेट लावला. खालच्या वस्तीतली माणसं आणायला एक रबरी बोट होती. बोटीवर दोघं: लान्स नायक दिलबाग आणि सिपाही मुरुगन. दिलबागच्या खांद्याला छोटा रेडिओ सेट होता, त्यावरचं त्यांचं नाव अल्फा टू. खालच्या वस्तीकडून येणारी गल्ली अरुंद आणि उथळ होती. तिथे इंजिन चालत नव्हतं. म्हणून दिलबाग दोर धरून पाण्यात पुढे चालायचा आणि मुरुगन मागून बांबूने ढकलायचा. गल्ली संपली की लोक उतरून गुडघाभर पाण्यातून शाळेत यायचे.

दिलबाग हरयाणाचा. उंच, आणि बोलायला भारी हौशी. चार वर्षं माझ्यासोबत राहून त्याने माझा एक शब्द उचलला होता: काऊन, म्हणजे का. तो शब्द त्याला इतका आवडला की लंगरमध्ये, परेडवर, पत्ते खेळताना, सगळीकडे वापरायचा. स्वयंपाकी म्हणाला, रोटी संपली, तर दिलबाग, "काऊन?" सुभेदार साहेब म्हणाले, केस कापून ये, तर मागे वळून हळूच, "काऊन?" त्या दिवशी गावातल्या बायकांनी त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि पुराच्या पाण्यात, बोटीत बसून हसल्या.

"हा बुवा आपल्याकडचा हाय का?" शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुमनबाईंनी मला विचारलं.

"नाही. तिकडचा, हरयाणाचा."

"मंग काऊन काऊन काऊन करते?"

"तेच त्यालेही विचारा."

१४४० पर्यंत बोटीच्या तीन फेऱ्या झाल्या. सगळ्या त्याच गल्लीतून. चौथी फेरी शेवटची होती. तिच्यात अकरा माणसं येणार होती: चार बायका, पाच मुलं, दोन म्हातारे.

विजेबद्दल आम्हाला सांगितलेलं होतं की गावाची लाइन आदल्या दिवशीच बंद केली आहे. ते खरं होतं. पण शेतीची लाइन वेगळी असते, आणि ती चालू होती. मोबाइल चार्ज करायला गावातल्या कोणीतरी तिच्यावर तारेचा आकडा टाकून शाळेपर्यंत वायर आणली होती. व्हरांड्यात शंभर वॅटचा एक बल्ब जळत होता. मी तो सकाळपासून पाहत होतो. हा कुठून जळतो, हे मी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. प्रकाश होता, मला लॉगबुक लिहिता येत होतं, एवढंच मी पाहिलं.

१५१० वाजता सुमनबाई चुलीवरून उठून आल्या.

"फौजी भाऊ, करंट कमी येऊन राह्यला. मघापर्यंत बरा होता. आता बल्ब नुसता लाल जळते. आमचे मोबाइल भरतीन का नाई?"

कॅप्टन साहेब बाजूला नकाशा पाहत होते. "क्या कह रही हैं?"

मी उत्तर दिलं, "सर, करंट कम आ रहा है."

"कम है? चलो, अच्छा है. बाद में देखेंगे." आणि ते दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्यांची यादी करायला गेले.

मी शब्दाला शब्द ठेवला होता. गावात 'करंट कमी' म्हणजे काय, हे मला माहीत होतं. साहेबांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी ऐकलं की वीज कमी आहे, म्हणजे धोका कमी आहे.

मी सेटची बॅटरी बदलली. लॉगबुकात नोंद केली. कंट्रोल रूमला परिस्थिती कळवली. मग पान उलटताना वर पाहिलं. बल्बमधली तार विझत्या विडीसारखी दिसत होती. एकाएकी ती अजून थोडी उतरली. आणि देवळीच्या दुकानातला आवाज मला इतका स्पष्ट आला की मी मागे वळून पाहिलं. कोनं खाल्लं?

टाँगटेस्टर माझ्या पिठ्ठूत, पाठीवरच्या पिशवीत होता. त्यालाच व्होल्टेज मोजायच्या वायरीही होत्या. बाकावर चढून बल्बच्या होल्डरवर लावल्या. एकशे चाळीस व्होल्ट. नव्वद व्होल्ट वाटेत गेले होते.

बल्ब शंभर वॅटचा. तो अर्धा अँपिअरही घेत नाही. एवढ्याशा करंटने नव्वद व्होल्ट पडत नाहीत. शेतं सगळी पाण्याखाली, मोटर कोणाचीच चालू असणं शक्य नव्हतं. डीपी, म्हणजे शेतीचा ट्रान्सफॉर्मर, तिथून सरळ दिसत होता. मी नजरेने अंतर मोजलं, तारेची जाडी पाहिली आणि लॉगबुकाच्या कोपऱ्यात लिहिलं: लाइन अंदाजे तीन ओहम. नव्वद भागिले तीन, तीस अँपिअर. एकशे चाळीस गुणिले तीस, चार हजार दोनशे वॅट.

साडेपाच हॉर्सपॉवर. साडेपाच हॉर्सपॉवरची एक मोटर या गावात आत्ता चालू होती, आणि गावात मोटर नव्हती. गावात होतं फक्त पाणी.

तार कुठे पडली हे मला दिसत नव्हतं. नंतर कळलं की गल्लीच्या कोपऱ्यावर बाभळीच्या मागचा खांब तीनच्या सुमाराला झुकला आणि त्याची तार गढूळ पाण्यात गेली. माझ्यासमोर फक्त आकडा होता. मला आठवतं, भीतीच्या आधी मला नवल वाटलं. क्षणभरच. सुतासारखी एक तार काचेत लाल होऊन सगळं सांगत होती. खांब पडला, तार पाण्यात गेली, पाणी किती पीत आहे, सगळं. ती मघापासून सांगत होती.

वेळ १५१७. मी सेट उचलला.

"अल्फा टू, अल्फा टू. सबको बोट में रखो. कोई पानी में नहीं उतरेगा. ओवर."

दिलबागचा आवाज आला. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"काऊन? ओवर."

"पानी में करंट है. तुम भी चढ़ो. ओवर."

मग, "रोजर."

पुढचं मी पाहिलेलं नाही. मुरुगनने आणि बोटीतल्या बायकांनी सांगितलं ते लिहितो. दिलबाग दोर घेऊन बोटीच्या दहा पावलं पुढे होता, मांडीभर पाण्यात. बोट गल्लीच्या शेवटी पोचत होती. सगळ्यात पुढे बसलेल्या मुलाने उतरायला एक पाय बाहेर काढला होता. दिलबाग थोडा आधीच थांबला होता. पायाला मुंग्या येतात, असं तो मुरुगनला म्हणाला होता. माझा निरोप आल्यावर तो वळला, तोवर बोट वाहत त्याच्यापाशी आली होती. वर चढायचं तर बोटीच्या कडेवर अंग टाकावं लागतं, आणि तेवढ्यात बोट अजून पुढे, तारेकडे वाहत येते. तो चढला नाही. "पीछे! सब अंदर!" असं ओरडून त्याने दोन्ही हातांनी बोट मागे ढकलली. मुरुगनने मागून बांबू टेकवून ओढली. बोट पंधरा-वीस फूट मागे गेली. दिलबागचे हात पुढे होते तसेच राहिले. मग तो आडवा झाला.

मुरुगन उडी मारणार होता. एका म्हाताऱ्या बाईने त्याचा पट्टा धरून ठेवला.

१५१९ वाजता मी कंट्रोलला निरोप दिला: शेतीची लाइन तत्काळ बंद करा. १५२६ वाजता व्हरांड्यातला बल्ब पूर्ण विझला. त्यानंतरच आम्ही पाण्यात उतरलो. दिलबागला शाळेत आणलं. चाळीस मिनिटं छाती दाबली, श्वास दिला. सुमनबाई त्याचे पाय चोळत होत्या. डॉक्टर साहेब दुसऱ्या बोटीने आले आणि त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं.

अकराही माणसं व्हरांड्यात बसली होती. त्यांच्या आणि त्या पाण्याच्या मधे रबर होतं, म्हणून ती बसली होती. रबराचा रोध इतका मोठा असतो की आमच्या मीटरवर आकडा येत नाही. लहान मुलांना भूक लागली होती. सुमनबाई डोळे पुसून उठल्या आणि त्यांनी खिचडी वाढली.

चौकशी झाली. मी सगळं सांगितलं, साहेबांना दिलेलं उत्तरसुद्धा. अध्यक्ष साहेब म्हणाले, "तुमने जो सुना, वही बताया. इसमें गलती नहीं है." मी सॅल्यूट केला. बाहेर आल्यावर वाटलं, जे ऐकलं तेच सांगितलं, चूक तीच होती.

दिलबागच्या घरी मी जाऊन आलो. त्याच्या वडिलांनी विचारलं, तो तुझ्याशी शेवटचं काय बोलला. मी सांगितलं, "रोजर." आणि त्याआधी? मी तो शब्द सांगितला. त्यांना त्याचा अर्थ माहीत होता. तो फोनवर त्यांनाही तसंच विचारायचा.

मी हवालदार होऊन निवृत्त झालो आणि देवळीला घर केलं. शालिकराम काका आता थकले आहेत, दुकान त्यांची मुलगी चालवते आणि वाइंडिंग त्यांच्याहून सफाईदार करते. पुरानंतर मी काकांना एक पत्र पाठवलं होतं. ते त्यांनी दुकानाच्या भिंतीवर, खडूच्या आकड्यांच्या मधोमध चिकटवलं आणि कागद टिकावा म्हणून त्यावर मोटरचं वार्निश मारलं. कागद मधासारखा पिवळा झाला आहे, पण अक्षर वाचता येतं. तिथूनच उतरवून देतो.

तीर्थरूप शालिकराम काका यांना,
साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. पेपरात आलं असेल, त्यातला दिलबाग माझा मित्र होता. मी त्याला एकदा दुकानात घेऊन येणार होतो. तुमच्या दोघांचा आवडता शब्द एकच.

काका, खाली रीडिंग लिहितो. तुम्ही तपासा. निघालेलं व्होल्टेज २३०, पोचलेलं १४०. लाइन अंदाजे ३ ओहम. करंट ३० अँपिअर. पाण्याने खाल्ले ते ४२०० वॅट. एवढं बरोबर आहे असं मला वाटतं.

दुसरं गणित मी रोज करतो. डॉक्टर साहेब म्हणाले, ओल्या माणसाचा रोध साधारण हजार ओहम धरायचा. दिलबागच्या अंगावर किती व्होल्ट आले हे कोणालाच माहीत नाही. शंभर धरले, तर शंभर भागिले हजार. एक दशांश अँपिअर. व्हरांड्यातला बल्ब यापेक्षा चौपट घेतो. तीस अँपिअरमधून त्याच्या वाट्याला एवढंच आलं. म्हणजे बाई म्हणाल्या ते त्याच्यापुरतं खरंच होतं, करंट कमी होता. एवढ्या उंच माणसाला इतका कमी करंट लागतो, हे मला अजून खरं वाटत नाही. मी पुन्हा पुन्हा भागून पाहतो. तेच येतं.

तुम्ही म्हणाला होता, कमी दिसलं तिथं थांबजो अन् विचारजो. मी विचारलं. पण बाई बोलल्यापासून विचारेपर्यंत सात मिनिटं गेली. ती सात मिनिटं कोणी खाल्ली, ते मला माहीत आहे.

एक विनंती आहे. तुमच्याकडे रोज माणसं येऊन म्हणतात, करंट कमी आहे. यापुढे कोणी तसं म्हणालं, तर तुम्ही हसू नका. त्याला बाकावर बसवा, पाणी द्या, आणि दिलबागचं नाव सांगा. सांगा, की तो आपल्या यशोदेच्या पाण्यात उभा राहून आपली अकरा माणसं मागे ढकलून गेला, आणि त्याआधी त्याने आपल्याच भाषेत विचारलं होतं, काऊन.

मी त्याला उत्तर दिलं, पण उशिरा दिलं. तुम्ही लोकांना वेळेवर देत जा.

तुमचा,
नायक पुंडलिक